तिसऱ्या आग्रहाची बखर

श्री कुलस्वामिनीचे पायी डोके ठेवून आणि ऐकणारांस रामराम घालून हकीकत सांगतो ऐसीजे. थोरांकडून निरोप आला की, हरिभाऊ खैरनार हे परमुलखी जाऊन बस हाकता हाकता राजधानीत प्रधान कैसे जाहले, ते मुळापासून सांगावे, फुगवून सांगू नये. बरे. फुगवीत नाही. फुगवण्याजोगे त्यात काही नाहीच. डोके धरून बसण्याजोगे मात्र पुष्कळ आहे, तेव्हा मधे मधे आवाज चढला तर राग मानू नये, हा अर्ज आधीच करून ठेवतो.

शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, कार्तिक मासी, हरिश्चंद्र बारकू खैरनार, राहणार गिरणाकाठ, हे आपले कुटुंब शेवंताबाई यांसह विमानात बसून उत्तरेच्या एका थंड राज्यात दाखल जाहले. राज्याचे नाव लिहीत नाही. माणसे भली आहेत, उगाच त्यांचे नाव का खराब करा. तेथे एक शहर, शहरामधून नदी, आणि नदीवर पूल एकच. अलीकडे कचेऱ्या, मोठी इस्पितळे आणि रुंद रस्ते, आणि पलीकडे बारा मुलखांतून आलेले कष्टाचे लोक, त्या वस्तीस आमची माणसे पैलाड म्हणत. हरिभाऊंस बस हाकायची चाकरी मिळाली, पैलाड ते शहर, दिवसास अकरा खेपा, आणि शेवंताबाई पैलाडच्या बाळंतघरात कामास लागल्या. बाळंतघर आठ खाटांचे. लहान, पण चोख. पैलाडातील निम्मी पोरे पहिल्याने रडली ती शेवंताबाईंच्या हातात. आणि त्या पुलाचे ऐसे की बर्फाचे वादळ आले की पूल बंद, कधी एक प्रहर, कधी दोन, आणि बाळ काही पूल उघडायची वाट पाहत नाही. एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारी लढाई या आठ खाटांची आहे. राज्य, गादी, मानमरातब वगैरे जे काही मधे आले, ते आपले वाटेत आले.

आता हरिभाऊंचा स्वभाव सांगणे प्राप्त आहे. माणूस देवासारखा. पण मातोश्री गोदूबाईंनी लहानपणी एक धडा असा घटवून घेतला की तो हाडात बसला. कोणी काही देऊ केले तर पहिल्याने नको म्हणावे, दुसऱ्यानेही नको म्हणावे पण हळू म्हणावे, आणि तिसऱ्याने देणाराचे मन मोडू नये. पहिल्या विचारण्यास हो म्हणतो तो हावरा, त्यास कोणी शिकवले नाही असे लोक म्हणतात. हे सर्व चहा, भाकरी आणि लग्नातली टोपी-टॉवेल इथवर ठीक आहे. आम्हीही तेच करतो. पण हरिभाऊंनी तो धडा राज्यकारभारास लावला, येथे घोटाळा जाहला. कारण त्या मुलखाचा शिरस्ता नेमका उलटा. तेथे एकदा पुसतात. समोरचा नको म्हणाला की नको, विषय संपला. पुन्हा पुसणे म्हणजे त्याचा शब्द खोटा मानणे, असे ते समजतात. पाव्हणा उपाशी उठून गेला तरी चालेल, त्याचा शब्द राहिला म्हणून हे खूश. आता एकीकडे तिसऱ्या विचारण्याची वाट पाहणारा माणूस आणि दुसरीकडे एकदाच विचारणारे राज्य, यांची गाठ घालून ब्रह्मदेवाने काय साधले ते त्यास ठाऊक.

शके एकोणीसशे तेहतीस, खर नाम संवत्सरी, बाळंतघराचे दारावर कागद लागला की हे घर बंद करण्याचा विचार आहे, कोणास हरकत असल्यास नगरसभेत सांगावी. पैलाडात हलीमाबाई म्हणून एक बाई होत्या, वाळवंटाच्या मुलखातून आलेल्या, शिवणकामाचे दुकान, आणि बोलू लागल्या की शिलाई मशीन थांबे आणि रस्त्यावरची माणसेही थांबत. त्यांनी कागद वाचला आणि हरिभाऊंची बस शेवटच्या थांब्यावर गाठली आणि सगळ्या उतारूंना उतरू न देता सांगितले की नगरसभेची निवडणूक येते आहे, त्यात भाऊंनी उभे राहायचे, कारण पैलाडात एकही माणूस असा नाही जो यांच्या बसमध्ये बसला नाही. हरिभाऊ म्हणाले, नको. आता हलीमाबाईंच्या मुलखात आग्रहाची रीत आमच्यासारखीच, किंबहुना चढच. त्यांच्या घरी चहा नको म्हटले तर त्या दार अडवून उभ्या राहतात. त्यांनी तेथेच एका दमात तीनदा विचारले, मग हरिभाऊ म्हणाले की एवढे म्हणता तर पाहू, आणि उभे राहिले, आणि एकसष्ट मतांनी निवडून आले. पाहा, जेथे विचारणारास विचारता येते तेथे काम कसे सुरळीत होते.

नगरसभेच्या मुख्य त्या काळी मॉडबाई थॉर्नबरी. उंच, साठीच्या, पाठ सरळ, बोलणे त्याहून सरळ. जे बोलायच्या ते करायच्या, जे ऐकायच्या ते लिहून घ्यायच्या, आणि लिहिलेले मोडायच्या नाहीत. हरिभाऊंस हॅरी म्हणत, ते एक सोडा. पहिल्याच सभेत त्यांनी मनात आणले की बाळंतघराचा वाद आहे, तेव्हा हा नवा माणूसच आरोग्य कमिटीचा मुख्य करावा, म्हणजे आपले आपण निस्तरील. विचार उत्तम. मग भर सभेत पुसले, "हॅरी, आरोग्य कमिटीचं मुख्यपण घेशील?"

हरिभाऊंस आनंद इतका जाहला की कान लाल जाहले, आणि ते बोलिले, "छे, नको. मी काय, माझ्याहून थोर माणसं बसली आहेत."

मॉडबाई म्हणाल्या, "बरं," आणि लिहून घेतले. आणि शेजारच्या पर्सीसाहेबांस पुसले. पर्सीसाहेबांचे गालिच्यांचे दुकान. आरोग्याशी संबंध इतकाच की त्यांची स्वतःची प्रकृती चांगली होती. त्यांनी हो म्हटले आणि मुख्य जाहले, एवढ्यात काम आटोपले. हरिभाऊ घरी आले आणि हात-पाय धुऊन फोनजवळ खुर्ची ओढून बसले. दुसऱ्या दिवशी बस हाकून आले आणि पुन्हा बसले. ऐसे अकरा दिवस जाहले. मग शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, फोनकडं काय बघत बसलात? दूध उतू जाणारे का त्याच्यातून?"

"बाईंचा फोन येईल. दुसऱ्यांदा विचारतील ना."

"आणि नाही विचारलं तर?"

हरिभाऊ हसले, की ऐसे कोठे होते काय. एकदा विचारून कोण सोडतो. शेवंताबाईंनी पदराने कपाळ पुसले आणि आत गेल्या. बाहेर उणे बारा अंश होते, तरी त्यांस घाम आला. फोन आला नाही. पर्सीसाहेबांनी आठ खाटांचा कागद टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि दर सभेस म्हणाले की पुढील सभेत पाहू, आणि तीन वर्षे पुढील सभाच पुढे गेली, आणि चौथे वर्षी खण उघडला तर वरून हुकूम आलेला की बाळंतघर आता नगरसभेकडे नाही, प्रांतसभेकडे गेले, तुम्ही कोण विचारणारे. आणि आठांतील चार खाटा गाडीत घालून नेल्या. शेवंताबाई दाराशी उभ्या होत्या. खाटा जाताना त्या मोजीत होत्या, चार मोजल्या आणि घरी आल्या.

मग प्रांतसभेची निवडणूक आली. शके एकोणीसशे छत्तीस, संवत्सराचे नाव जय, नावावर जाऊ नये. पूर्वी दरबारात तबकात विडा ठेवीत आणि ज्यास मोहीम घ्यायची तो पुढे होऊन उचलीत असे, तैसेच ते लोक सभागृहात पक्षाची माणसे जमवतात आणि पुसतात की कोण उभा राहतो, आणि ज्यास राहायचे त्याने हात वर करावा. हरिभाऊ मॉडबाईंच्याच पक्षात होते. मॉडबाईंनी पुसले आणि सरळ हरिभाऊंकडे पाहिले. सभागृहातील दीडशे माणसांनी हरिभाऊंकडे पाहिले. हरिभाऊंनी आपल्या बुटांकडे पाहिले. मॉडबाई थांबल्या आणि पुन्हा एकदा हरिभाऊंकडे पाहिले. हे पाहणे म्हणजे दुसरा आग्रह, ऐसे हरिभाऊंनी मनात धरले आणि तिसऱ्याची वाट पाहत खाली मान घालून बसले. तिसरा आला नाही. मागच्या रांगेतून गॅव्हिन नामे एक सव्वीस वर्षांचा तरुण, कोट चांगला, बाकी विशेष माहीत नाही, त्याने हात वर केला आणि तो उभा राहिला आणि निवडून आला, आणि पुढील चार वर्षांत पूल ओलांडून पैलाडात एकदाही आला नाही. काय म्हणावे. त्या पोराला म्हणत नाही, त्याने हात वर केला, त्याचे काय चुकले. घरी आल्यावर हरिभाऊ म्हणतात कसे, "मॉडबाईंनी बघितलं गं दोनदा. तिसऱ्यांदा बघितलं असतं तर केला असता वर." अशा माणसास काय करावे. ओवाळावे की बदडावे, शेवंताबाईंस कळेना.

एवढ्यावर भागले असते तर बखर करायचे कारण नव्हते. पुढील वर्षी माघ मासात दोन प्रहरी वादळ आले. हलीमाबाईंचे दिवस भरले होते. त्या बाळंतघरी गेल्या तो चारही खाटा भरलेल्या, पाचवी बाई बाकावर बसलेली, आणि बाईंच्या पोटात बाळ आडवे, डॉक्टर म्हणाला की शहरातच न्यावे लागेल. शेवंताबाई खाटेवरील बाईस सोडून येऊ शकत नव्हत्या. मग हलीमाबाईंनी बस पकडली, आणि बस कोणाची, तर हरिभाऊंचीच, कारण नगरसभेत बसले तरी चाकरी सोडली नव्हती. बस पुलाच्या मध्यावर पोचली आणि पुढून मागून पूल बंद जाहला. खाली नदी गोठलेली, वर पांढरे, आणि पुढला माणूस दिसेना. बसमध्ये एक म्हातारी होती, तिने पाच बाळंतपणे केली होती, तिने पोट चोळून आडवे बाळ फिरवले आणि हात दिला. सव्वा तास लागला. बाळ निळे पडले, मग रडले, मुलगी जाहली, आणि बाईंचे रक्त थांबता थांबेना. हरिभाऊंनी अंगातील कोट, वरचा स्वेटर, खालचा स्वेटर ऐसे एकेक काढून मागे दिले आणि स्वतः बनियनवर बसून बस गरम ठेवण्याकरिता इंजिन चालू ठेवीत राहिले. मग केव्हातरी मागून आवाज आला. आवाज अगदी हळू होता.

"भाऊ, त्या दिवशी हात वर का नाही केलास?"

हरिभाऊ आरशातून पाहत म्हणाले, "मला वाटलं, विचारतील अजून."

"मी इथं मेले असते तर पण म्हणाला असतास, अजून विचारतील?"

पूल उघडला, इस्पितळ आले, बाई वाचल्या. त्या दिवसापासून हरिभाऊंनी पुष्कळ दिवस बसमधला आरसा पाहिला नाही, बाजूच्याच आरशावर काम चालवले.

मग शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, पुन्हा तेच सभागृह, तीच दीडशे माणसे, आणि मॉडबाईंनी पुसले की प्रांतसभेस कोण. हरिभाऊंनी हात वर करायचा निश्चय करूनच घर सोडले होते. शपथ घेतली होती. आणि प्रत्यक्ष वेळेस हात मांडीवरून उठेना. मागील रांगेत हलीमाबाई बसल्या होत्या, त्यांनी पोरगी शेजारणीकडे दिली, पुढे वाकल्या, हरिभाऊंचे मनगट धरले आणि वर उचलले. ऐसे उचलले की हरिभाऊ खुर्चीसुद्धा उठले. मॉडबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हॅरी, तो हात तुझाच आहे?"

"हात माझाच आहे, बाई. वर कोणी केला ते लिहू नका."

मॉडबाईंनी फक्त पहिले वाक्य लिहून घेतले, आणि हरिभाऊ उभे राहिले, आणि दणक्यात आले. प्रांतसभेत जाऊन त्यांनी कागद मागवला. एक वर्ष कागद सापडला नाही. दुसरे वर्षी सापडला, तो दुसऱ्याच बाळंतघराचा. तिसरे वर्षी खरा सापडला आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेले की, ऐसी घरे ठेवावी की काढावी हे राजधानीतील आरोग्यप्रधानाच्या सहीवर आहे, प्रांताने यात पडू नये. आता हे पहिल्याच दिवशी दारावरच्या कागदात लिहिले असते तर काय बिघडले असते. पण नाही. माणसास एकेक जिना चढवायचा आणि वर गेल्यावर सांगायचे की तुमचे काम याच्या वरच्या मजल्यावर. आणि वरून तंबी की उरलेल्या चार खाटा शके एकोणीसशे पंचेचाळीसच्या फाल्गुन अखेरीस काढल्या जातील.

तेव्हा हरिभाऊंस राजधानीच्या सभेस उभे राहणे भाग पडले, आणि हलीमाबाई मनगटाशी होत्याच, त्यामुळे ते संकट पार पडले, आणि शोभन नाम संवत्सरी, आश्विनात, फत्ते जाहली. मिरवणूक निघाली ती सांगत नाही. मराठी मंडळाने सत्कार ठेवला आणि शाल कोणत्या रंगाची यावरून मंडळाची दोन मंडळे जाहली, तेही सांगत नाही, डोके आधीच दुखते आहे. मॉडबाई तोवर पक्षाच्या धनीण आणि राज्याच्या मुख्यप्रधान होऊन बसल्या होत्या. प्रधानमंडळ नेमायचे होते. त्यांचा निरोप आला की रविवारी दोन प्रहरी पैलाडात येते, समक्ष बोलायचे आहे.

घरात धावपळ. शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, ऐका. त्या आरोग्याचं विचारायला येतायत. पहिल्या फटक्यात हो म्हणायचं."

"म्हणेन ना."

"म्हणून दाखवा."

हरिभाऊ म्हणाले, हो. मग दाढी करताना आरशास म्हणाले, हो. मग जिन्यात म्हणाले, हो, तेव्हा खालचा शेजारी बाहेर येऊन पाहून गेला. फाल्गुन अखेरीस चार महिने राहिले होते आणि बाळंतघरात त्या दिवशी सहा बाया होत्या, हे घरातील सर्वांस ठाऊक होते. हलीमाबाईही येऊन बसल्या, खुर्ची हरिभाऊंच्या मनगटालगत ओढून.

मॉडबाई आल्या. बर्फाचे बूट दारात काढले, कोट दिला, खुर्चीवर बसल्या, आणि पाणीही न घेता, जसा त्यांचा स्वभाव, थेट बोलिल्या, "हॅरी, आरोग्यप्रधान होशील?"

हरिभाऊंनी तोंड उघडले. सगळ्यांनी श्वास धरला. आणि त्या तोंडातून, गोदूबाईंनी चाळीस-पन्नास वर्षांमागे ठेवलेला शब्द, जसाच्या तसा, बाहेर आला. "छे, नको, बाई. मी काय, माझ्याहून थोर माणसं आहेत."

हलीमाबाईंनी मनगट सोडून कपाळ धरले. शेवंताबाईंनी डोळे मिटले. मॉडबाई म्हणाल्या, "बरं," आणि पिशवीतून वही काढून लिहून घेतले, आणि खरोखर वाईट वाटलेल्या माणसासारख्या जरा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या, आणि उठू लागल्या. आता सांगा, या माणसाचे काय करावे. बारा वर्षे, दोन सभा, पुलावर निळे पडलेले बाळ, आणि एक अक्षर म्हणायचे होते, तेही दोन दिवस घोकलेले.

पण आमच्या घरातून कोणी जेवल्याशिवाय उठते काय. शेवंताबाईंनी डोळे उघडले आणि ताट मांडले आणि म्हणाल्या की बसा. भरीत केले होते, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी होती, आणि गोडाचे म्हणून उलट्या कढईवर पुरणाचे मांडे केले होते. मांडा ज्यांनी पाहिला नाही त्यांस सांगतो, तो ताटात मावत नाही, घडी घालून ठेवावा लागतो, आणि एक खाल्ला की दुसऱ्या दिवशीपर्यंत माणूस निवांत. मॉडबाईंनी एक खाल्ला, सगळा खाल्ला, आवडला ऐसे म्हणाल्या. शेवंताबाई दुसरा घेऊन आल्या. मॉडबाई म्हणाल्या, नको. शेवंताबाईंनी वाढला. चादर पसरावी तैसा ताटावर पसरला, भरीतही दिसेना.

मॉडबाई म्हणाल्या, "मी नको म्हणाले होते."

शेवंताबाई बोलिल्या, "एकदाच म्हणालात. एकदाचं नको आमच्यात धरत नाहीत, बाई. तीनदा नको म्हटलं तरच पोट भरलं असं समजायचं. पहिल्या विचारण्याला हो म्हणायला आम्ही काय हावरे आहोत?"

काही लोक सांगतात की शेवंताबाईंनी हे जाणूनबुजून केले. त्यांस पुसले तर म्हणतात की वाढायचे ते वाढले. असो. मॉडबाईंचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. त्या मांड्याकडे पाहत राहिल्या, मग हरिभाऊंकडे वळल्या, मग पुन्हा मांड्याकडे. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "हॅरी. बारा वर्षांपूर्वी, ती आरोग्य कमिटी."

हरिभाऊ ताटात पाहू लागले.

"आणि त्या सभागृहात मी तुझ्याकडे पाहिलं होतं."

"दोनदा पाहिलंत," हलीमाबाई म्हणाल्या. "एक कमी पडलं. ते एक मी पुलावर भोगलं."

मॉडबाईंचा चेहरा आधी लाल जाहला आणि मग उतरला, आणि इतकी वर्षे सरळ असलेली पाठ प्रथमच खुर्चीस टेकली. मग जरा रागानेच म्हणाल्या, "मला कोणी सांगायचं तरी होतं."

हरिभाऊ ताटातून मान वर न काढता बोलिले, "सांगून करवला, तर तो आग्रह कसला, बाई."

हे ऐकून त्या बाईंनी काय केले, ते ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. हात पुसले. वही काढली, आणि आयुष्यात जे केले नव्हते ते केले, लिहिलेल्या ओळीवर काट मारली. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि शिकवलेला धडा म्हणावा तैसे म्हणाल्या, "हॅरी, आरोग्यप्रधान होशील?"

"नको," हरिभाऊ म्हणाले. पण हळू.

"हॅरी, तुझ्याशिवाय मला दुसऱ्या कोणाला द्यायचंच नाही. होशील?"

हरिभाऊंनी शेवंताबाईंकडे पाहिले, हलीमाबाईंकडे पाहिले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "आता तुम्ही एवढं म्हणता, तर तुमचं मन कसं मोडू."

मॉडबाईंनी पेन उघडले आणि गोंधळून शेवंताबाईंस पुसले, "हे हो आहे का?"

"हेच हो आहे, बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "याच्याहून मोठा हो यांच्याजवळ नाही. लिहून टाका."

मग लिहिले, आणि तो दुसरा मांडाही बाईंनी खाल्ला, आणि गाडीत बसवताना दोघांस धरावे लागले. पौष मासात हरिभाऊंनी शिक्का हाती घेतला आणि पहिली सही बाळंतघराच्या कागदावर केली. त्या कागदासही कचेरीतील लोक उद्या आणतो म्हणाले, तेव्हा हरिभाऊ खुर्चीवरून उठून स्वतः गेले आणि कपाटातून काढून आणला. नको म्हणायची सवय गेली नाही, पण वाट पाहायची सवय पुलावर राहिली ऐसे दिसते.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मासी, नेलेल्या चार खाटा परत आल्या आणि आठ खाटांचे बाळंतघर नव्याने उघडले. हलीमाबाईंनी खाटा मोजल्या, शेवंताबाईंनी पुन्हा मोजल्या. मॉडबाई खास आल्या होत्या. पेढे वाटू लागले. तबक मॉडबाईंपुढे आले. बाईंनी पेढ्याकडे पाहिले, हरिभाऊंकडे पाहिले, डोळे मिचकावल्यासारखे केले आणि मोठ्या ऐटीत म्हणाल्या, "छे, नको." आणि पाठ सरळ करून वाट पाहू लागल्या. शेजारी त्यांचा कारभारी उभा होता, त्याच मुलखातला, निळ्या टायचा. तो वाटणाराला म्हणाला, "बाई नको म्हणाल्या," आणि तबक पुढे गेले. मॉडबाई जाणाऱ्या तबकाकडे पाहत राहिल्या. तोंडावर तेच भाव, जे बारा वर्षांमागे अकरा दिवस त्या फोनपुढे हरिभाऊंच्या तोंडावर होते. हरिभाऊ ते समयी वर उभे राहून भाषण करीत होते. भाषण राहिले तेथे. ते उतरले आणि माणसांतून वाट काढीत तबकामागे गेले आणि ते परत आणले आणि बाईंपुढे धरले. बाई म्हणाल्या, नको, पण हळू म्हणाल्या. हरिभाऊंनी पुन्हा धरले. मग बाईंनी दोन पेढे घेतले.

सारांश इतकाच की आठ खाटा आठच आहेत, पूल अजून बंद पडतो, आणि पैलाडची बाळे पैलाडातच रडतात. प्रधानकीचे विशेष काही नाही. हकीकत येथे पुरी जाहली. ऐकणारांनी उठण्याआधी चहा घ्यावा. पहिल्याने नको म्हटले तरी चालेल, आम्हांस मोजता येते.